ब्रदर डी यांची दिलगिरी

"पॉइंट ऑफ ऑर्डर," दादाराव खोब्रागडे म्हणाले, आणि डॉक्टर पारख्यांच्या बेसमेंटमधल्या चाळीस माणसांच्या हातातल्या कागदी प्लेटा जागच्या जागी थांबल्या.

सत्त्याऐंशी सालच्या जूनमधला शेवटचा रविवार. ओहायोतल्या डब्लिन गावच्या महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सभा चालू होती; म्हणजे चालू होऊन संपतही आली होती. "मग यंदाही मीच प्रेसिडेंट, सगळ्यांना ओके ना? चला, पुऱ्या गार होतायत," एवढं बोलून गुरुदत्त पारख्यांनी ती दीड मिनिटात उरकली होती.

"काय झालं, काका?"

"मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं नाही. ते मंजूर झाल्याशिवाय निवडणूक घेता येत नाही."

"काका, मागच्या वर्षी पुलाव कमी पडला होता, यंदा डबल केलाय. झालं इतिवृत्त!"

बेसमेंट खदखदून हसलं. दादारावही हसले. पासष्टीच्या माणसानं अशा वेळी हसलं नाही तर लोक त्याला त्रासदायक म्हणतात, हसला तर गमतीदार म्हणतात. दोन्हींतला स्वस्त सौदा त्यांना ठाऊक होता.

नीला पारखी श्रीखंड वाढायला आल्या. "खोब्रागडे म्हणजे तुम्ही विदर्भातले ना?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिसऱ्यांदा विचारला होता. "हो. नागपूर. इंदोरा." उत्तरही तिसऱ्यांदा तेच. इंदोरा म्हटल्यावर नागपूर माहीत असलेल्याला पुढचं काही विचारावं लागत नाही.

"अच्छा, अच्छा," नीलाताई म्हणाल्या आणि एक चमचा जास्तच वाढला. तिन्ही वेळा जास्तच वाढला होता.

परतताना गाडीत संघमित्राचा पारा चढलेला. "बाबा, काय गरज होती? लोक येतात दोन घास खायला, तुमचं आपलं पॉइंट ऑफ ऑर्डर!"

"सभा म्हटलं की सभेसारखी घ्यावी."

"मामाजी, पुढच्या वर्षी तुम्हालाच प्रेसिडेंट करू यार," जावई ज्ञानदेव स्टिअरिंगमागून म्हणाला.

"करू म्हणून होत नाही. हात वर व्हावे लागतात," दादाराव म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर एकसारखी घरं, एकसारखी गवतं आणि चालणारं माणूस एकही नाही.

सोमवारी सकाळी लेक, जावई कामाला गेले, नात मीरा समर कँपला गेली, आणि घर नेहमीसारखं फ्रिजच्या आवाजापुरतं उरलं. अकराला टपालाची गाडी येऊन गेल्यावर दादाराव रस्त्याकडेच्या डब्यापाशी गेले. महिन्यातून एकदाच त्यांच्या नावाचं काही यायचं. आज ते आलं होतं: निळं एअरमेल पाकीट, त्यावर राणीचं तिकीट आणि रॉन हॉलिसचं सरळसोट अक्षर. आत लेबर पार्टीच्या एल्म रोड शाखेचं इतिवृत्त.

ही भानगड इथं सांगून टाकायला हवी. दादाराव अमेरिकेत आले ते एक्क्याऐंशी साली, पत्नी गेल्यावर, लेकीच्या आग्रहानं. त्याआधी अठरा वर्षं ते इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका काळ्या विटांच्या गावात रेल्वेचे डबे दुरुस्त करत होते. पासष्ट सालच्या जानेवारीत वर्कशॉपमधल्या युनियनवाल्या रॉननं त्यांना एका सभेला नेलं. को-ऑपच्या दुकानावरची खोली, गॅसची शेगडी, चौदा माणसं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. रॉननं आपल्या शेजारच्या खुर्चीवरचा स्वतःचा कोट उचलला, मांडीवर घेतला आणि म्हणाला, "बस, ब्रदर."

एवढंच झालं होतं. पण बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात दादारावांसाठी कुणी आपली वस्तू उचलून जागा केल्याची ती पहिलीच नोंद होती. ज्या आडनावावरून नागपुरात माणसाची सगळी कुंडली वाचली जायची, ते आडनाव त्या खोलीत कुणाला उच्चारताच येईना. दोनचार प्रयत्न करून त्यांनी ते सोडून दिलं आणि वहीत लिहिलं, 'ब्रदर डी.' दादारावांना ते नाव नव्या सदऱ्यासारखं बरोबर बसलं.

ती मंडळी काही देवमाणसं नव्हती. "तुझ्या लोकांची मतं तूच आण," म्हणून त्यांना पंजाब्यांच्या गल्ल्यांत धाडण्यात आलं. दादारावांना पंजाबीचं अक्षर येत नव्हतं. तीन हिवाळे फिरून ते पंजाबी शिकले आणि दुसऱ्यांना नगरसेवक करत राहिले. चौऱ्याहत्तरला स्वतः उभे राहिले. शाखेतल्या निवडीत चार मतं बाजूची, नऊ विरोधात. विरोधातल्या हातांत एक हात रॉनचा होता. "लोक अजून तयार नाहीत रे," रॉन जिन्यात म्हणाला होता.

पुढच्या महिन्यात दादाराव सभेला हजर. चिटणीस रॉननं इतिवृत्त वाचलं: चार विरुद्ध आठ. दादाराव उभे राहिले. "दुरुस्ती. आठ नव्हे, नऊ." रॉनचे कान लाल झाले. त्यानं आठ खोडलं, नऊ लिहिलं, बाजूला सही केली. आपल्या हातात आहे तेवढं सौम्य लिहावं, असा त्या बिचाऱ्याचा हिशेब होता. दादारावांचा हिशेब वेगळा होता. माणसांची मर्जी फिरते; नियमाला आडनाव दिसत नाही, म्हणून बसायचं तर त्याच्याच भरवशावर, हे ते इंदोऱ्यात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून शिकले होते.

अमेरिकेत आल्यावर त्यांनी शाखा सोडली नाही. प्रत्येक सभेआधी रॉनला पत्र: 'परगावी असल्यामुळे येऊ शकत नाही. दिलगिरी नोंदवावी.' पत्र डब्यात ठेवायचं, पोस्टमनला कळावं म्हणून डब्याच्या कडेचं पत्र्याचं लाल निशाण वर करायचं. मग महिनाभरानं इतिवृत्त यायचं, आणि त्यात दुसऱ्या कलमाखाली ओळ असायची: 'दिलगिरी: ब्रदर डी.' सहा वर्षं, एकही खाडा नाही. या जगात आपलं नाव दरमहा कुठंतरी मोठ्यानं वाचलं जातं, एवढं त्यांना पुरत होतं.

आजचं इतिवृत्त एकाच पानाचं होतं. 'उपस्थित: आर. हॉलिस. दिलगिरी: ब्रदर डी. गणपूर्तीअभावी सभा तहकूब.'

दादारावांनी कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं. हजेरी चौदावरून नवावर, नवावरून पाचावर येताना ते बघत आले होते. अकरा जूनला पक्ष देशाची निवडणूक सलग तिसऱ्यांदा हरल्यावर बाकीचे आले नाहीत, हेही समजण्यासारखं होतं. पण न आलेल्यांपैकी एकानंही साधी चिठ्ठी पाठवली नव्हती. जोडीला रॉनचं पत्र होतं.

'तुझं पत्र मी वाचून दाखवलं,' त्यानं लिहिलं होतं. 'खोलीत कुणी नव्हतं, पण कार्यक्रमपत्रिकेवर होतं म्हणून वाचलं. आता वरून हुकूम आलाय, शाखा शेजारच्यांत विलीन करायची. नव्या यादीत फक्त इथं राहणारेच असतील, तेव्हा तुझं नाव जाणार. सोळा जुलैला शेवटची सभा घेतो. बावीस वर्षांची वही ठराव करून, सही करून मिटावी असं वाटतं. ईडिथ काठी टेकत येते म्हणाली आहे. कोरम तिघांचा. तिसरा म्हणून तुला उपस्थित लिहितो. कोण तपासणार आहे? फक्त या वेळी दिलगिरीचं पत्र पाठवू नकोस.'

संध्याकाळी संघमित्रानं पत्र वाचलं. ती औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावत असे. हे तिनं एका दमात वाचलं आणि खुर्चीत बसली.

"किती छान लिहिलंय बाबा त्यांनी. लिहू द्या ना."

"मी तिथं असणार आहे का?"

"नसाल. पण तुम्हाला तेच तर हवं होतं इतकी वर्षं! मी बघत नाही का, महिनाभर त्या डब्याकडे डोळे लावून असता."

"हवं होतं."

"मग? कुणाचं नुकसान होतंय?"

"तेरा वर्षांनी त्याचा हात माझ्या बाजूनं वर झाला, संघमित्रा," दादाराव म्हणाले, "आणि तोही चुकीच्या ठरावावर."

"बाबा, तुम्ही नाही म्हटलंत तर सभाच होणार नाही. वही तशीच उघडी राहील. मग तुमचं नाव कुठंच..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मी तिकीट काढते. जाऊन या."

"डॉक्टरनं विमान बंद केलंय, तुझ्याच समोर."

तिनं त्यांच्या पुढ्यातला चहा उचलला, गरम करून आणला आणि त्यांच्याजवळ ठेवला.

दादारावांनी तीन दिवस घेतले. एकदा कागदावर काहीच न लिहिता तो पाकिटात घातला. पाकीट चिकटवलं, मग फाडलं. गुरुवारी सकाळी दाढी केली, टाय बांधला आणि लिहायला बसले.

'प्रिय रॉन, सोळा जुलैच्या सभेला परगावी असल्यामुळे येऊ शकत नाही. दिलगिरी नोंदवावी.' जरा वेळ थांबून खाली एक ओळ घातली. 'मी आलो असतो, हेही नोंदवता आलं तर पाहावं. नियमात बसत नसेल तर राहू दे.'

पत्र डब्यात ठेवून त्यांनी लाल निशाण वर केलं. समोरच्या घरचा म्हातारा गवत कापता कापता हात हलवून गेला. सहा वर्षांत त्यांच्यात एवढाच परिचय झाला होता.

सोळा जुलैला गुरुवार होता. तिकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे इकडचे दुपारचे अडीच. घरात कुणी नव्हतं. बाहेर नव्वद फॅरनहाइटच्या वर तापमान असताना दादारावांनी जुना लोकरी कोट काढला, जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची ओढली आणि कोट शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अडीचवर आला. दुसऱ्या कलमापर्यंत पोचायला किती मिनिटं लागतात ते त्यांना पाठ होतं. तेवढी मिनिटं ते थांबले.

मग त्यांनी हात लांब करून शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलला, नीट घडी केला आणि मांडीवर घेतला.