मागच्या दारातली गाडी

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकांवर सकाळपासून जागा मिळत नसे. ज्यांचा रुग्ण आत असे ते बसलेले, उरलेले भिंतीला टेकून ताटकळत. सर्जन बाहेर आले की सारा घोळका उठे आणि कुणी ना कुणी त्यांचा उजवा हात धरून कपाळाला लावी.

“माझं काही नाही हो, हा हात केवळ निमित्त,” सर्जन म्हणत. “एवढंच सांगतो, या टेबलावर आजवर कुणी गेलेलं नाही.”

“हाताला गुणच आहे,” एक आजी शेजारणीला सांगे. “आणि काळीज बघा. प्रत्येकासाठी मागच्या दारात रुग्णवाहिका उभी. कोण करतं एवढं?”

नव्यानेच रुजू झालेली भूलतज्ज्ञ हे ऐकून अस्वस्थ होई. साध्यातल्या साध्या शस्त्रक्रियेतही थोडा धोका उरतोच. तो शून्य होत नाही. पण घरी हे बोलायची सोय नव्हती. तिच्या सासऱ्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि सोमवारी ते याच हाताखाली जाणार होते.

“बाबा, दुसऱ्या कुणाचं मत घेऊ या का?”

“तुम्हा डॉक्टरांना एकमेकांचं बरं बघवत नाही,” सासरे म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक. हयात गणित शिकवण्यात गेलेली. “शून्य मृत्यू, सूनबाई. शून्याला कशानेही गुण, शून्यच येणार.”

गुरुवारी टेबलावर एक शिंपीणबाई होती. आजार तोच, पित्ताचे खडे. सर्जनांना घाई होती. नेमके काय कापतो आहोत हे न पाहताच त्यांनी कात्री चालवली आणि पोट रक्ताने भरले.

“रक्तदाब उतरतोय,” भूलतज्ज्ञ म्हणाली. “दुसऱ्या सर्जनना बोलवा. रक्त मागवा.”

सर्जनांनी जखमेत कापडाच्या घड्या कोंबल्या आणि वरून टाके घातले. “गाडी लावा.”

“आत्ता हलवलं तर ती वाचणार नाही.”

“नाडी लागतेय ना? मग इथून जिवंत गेली.”

बाहेर येऊन ते बाईच्या नवऱ्याला म्हणाले, “ऑपरेशन फत्ते. हृदय जरा नाजूक निघालं, म्हणून मोठ्या रुग्णालयात पाठवतो.” नवऱ्याने तो हात कपाळाला लावला. संध्याकाळी बाई गेली.

दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ मोठ्या रुग्णालयात गेली. तिथला अतिदक्षता विभाग तिचा वर्गमित्र सांभाळत होता.

“तुमच्या गाडीची सवय झालीय आम्हाला,” तो म्हणाला.

“किती वाचतात?”

“एखादाच. आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे अवघड रुग्ण फार येतात.”

“आमच्याकडे वाटतं, कुणी दगावतच नाही.”

मृत्यू नाहीसे झालेच नव्हते. त्यांचा फक्त पत्ता बदलत होता.

तिने अधीक्षकांकडे तक्रार केली. “या हातावर रुग्णालय चालतं,” ते म्हणाले. “आणि त्या बाईचा नवरा तर आभार मानून गेला.”

घरी तिने सासऱ्यांना एवढेच विचारले, “बाबा, तुमच्या शेजारच्या शाळेचा निकाल शंभर टक्के कसा लागायचा?”

“कसा म्हणजे? कच्च्या पोरांच्या हाती परीक्षेआधीच दाखला द्यायचे. मी कानीकपाळी ओरडायचो, पण लोक तिथंच रांग...” ते थांबले. मग हळूच म्हणाले, “मागच्या दारातली गाडी.”

सोमवारी ते रुग्णालयात गेले, पण कपडे बदलले नाहीत. सर्जनांनी खांद्यावर हात ठेवला. “निर्धास्त राहा, गुरुजी. या टेबलावर कुणी...”

“ते ऐकलंय. मागच्या दाराने गेले त्यांतले घरी किती पोचले?”

“ते त्यांचं नशीब. इथून निघाले तेव्हा सगळे श्वास घेत होते.”

शिंपीणबाईच्या राहिलेल्या चपला न्यायला आलेला तिचा नवरा तिथेच उभा होता. त्याने भूलतज्ज्ञेकडे पाहिले. “तिचं हृदय नाजूक होतं ना?”

“हृदय ठणठणीत होतं,” ती म्हणाली. “आत रक्तवाहिनी कापली गेली. मी तिथे होते.”

चपला छातीशी धरून नवरा बाकावर बसला. त्या सकाळी सर्जनांच्या हाताला कुणी शिवले नाही. ‘लोकांचा विश्वास’ ही अधीक्षकांची ढाल गळून पडली. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि चौकशी संपेपर्यंत सर्जनांना शस्त्रक्रियेची मनाई झाली. गाडी जागेवरच राहिली; दोष तिचा नव्हताच.

सासऱ्यांनी दुसरी सर्जन गाठली आणि बसायच्या आधीच विचारले, “तुमच्या हातचे किती गेले? इथे नव्हे, कुठेही.”

“या शस्त्रक्रियेत दोघं,” ती म्हणाली. “एक दुसऱ्या रुग्णालयात, आठवड्याने. का गेले आणि मग मी काय बदललं, ते सांगते. बसा.”

सासरे बसले. सुनेकडे वळून म्हणाले, “इथंच करू.”

हाताला गुण असतो. तो शिक्षणाने, सरावाने आणि चूक कबूल करण्याने येतो. कोणताही हात कपाळाला लावण्यापूर्वी सासऱ्यांचा हा एक प्रश्न विचारा. खरा डॉक्टर त्यावर रागावत नाही.