सव्वीस मिनिटांचा थांबा

माझ्या डोक्यात कुणी डोकावलेलं मला खपत नाही. माझ्या मायनंसुद्धा नाही. त्यामुळं हर्षाली मॅडम कळंबला आमच्या घरी येऊन म्हणाल्या, "अनुवाद करताना तुम्ही कीबोर्डवर काय काय दाबता ते नोंदवणारं एक सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर बसवायचंय," तेव्हा मी चहाचा कप त्यांच्यापुढं जरा आपटूनच ठेवला.

अनुवादक काम कसं करतात, याचा मॅडम विद्यापीठात अभ्यास करतात. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते; पुण्याची एक कंपनी मला घरबसल्या काम पाठवते. खतांच्या पिशव्यांवरचा मजकूर, फवारणीच्या औषधांची माहितीपत्रकं, पंपांच्या पुस्तिका. वाङ्मयबिङ्मय काही नाही. असल्या कामाचा कुणाला अभ्यास करावासा वाटतो, याचंच मला आधी हसू आलं.

"हे पाळत ठेवायला नाही, ताई," मॅडम म्हणाल्या, आणि एकेक अट त्यांनी कागदावर दाखवली. नोंद फक्त अनुवादाचं काम उघडं असेल तेवढ्याच जागी होणार. व्हॉट्सअ‍ॅपवर मी कुणाला काय लिहिते ते त्याला दिसणारही नाही. फाइल माझ्याच लॅपटॉपवर राहणार. आधी मी ती बघणार आणि वाटलं तरच पाठवणार. हवं तर अक्षरं झाकता येतील, मग मॅडमना नुसते ठिपके दिसतील. कधी दाबलं, कधी थांबले, कधी खोडलं, एवढंच. मन फिरलं तर एक बटण दाबून सगळं पुसून टाकायचं. आणि माझ्या सहीशिवाय फाइल कुणालाही मिळणार नाही, कंपनीलासुद्धा नाही. ते शेवटचं वाक्य मी त्यांना दोनदा वाचायला लावलं आणि मग सही केली.

पहिलं पत्रक संपल्यावर मी फाइल चालवून बघितली आणि माझे कान तापले. पडद्यावर माझा मजकूर आपोआप उमटत होता आणि उमटलेला पुन्हा मागं मागं खोडला जात होता. खोडलेलं सगळं तिथं होतं. मी काय खोडते, ते आजवर मला एकटीलाच माहीत होतं.

मी आधी घरच्या बोलीत लिहिते. 'औषीद पान्यात घालून काडीनं ढवळायचं, हात घालायचा न्हाय.' असं लिहिलं की मला स्वतःला गोष्ट कळते. मग ते खोडते आणि पुस्तकी लिहिते. पाच वर्षांपूर्वी कंपनीच्या गौरीशंकर सरांनी माझ्या चाचणीच्या कागदावर लाल अक्षरांत शेरा मारला होता, 'भाषा गावठी आहे.' तेव्हापासून मी गावठी लिहिते, पण त्याचा मागमूस ठेवत नाही. या फाइलीत नेमका तोच सगळा साठला होता. मी मुकाट्यानं अक्षरं झाकली आणि ठिपके मॅडमना पाठवले.

एक गोष्ट मात्र ठिपक्यांतही लपत नव्हती. मधेच एक मोठी मोकळी जागा होती, सव्वीस मिनिटांची. तेवढा वेळ मी एकही कळ दाबलेली नव्हती.

त्या सव्वीस मिनिटांत मी अंगणात मायजवळ होते. माझी माय, मालनबाई, वय त्रेसष्ट. उभी हयात तिनं दुसऱ्यांच्या रानात खुरपण आणि फवारणी केली. तिला वाचता येत नाही, सही तेवढी येते. आमच्याकडं औषधाचा कागद वाचणारा एक असतो आणि पंप भरणारा दुसरा. वाचणारा बांधावर बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचतो, आणि भरणारा ओळ ऐकली की लगेच तसं करून मोकळा होतो. सगळा कागद आधी ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. म्हणून मीही माझा कागद तसाच तपासते. जुना धुतलेला पंप, औषधाऐवजी हळदीचं पाणी, मी वाचणार आणि माय करणार. ती अडखळली की चूक माझी.

त्या दिवशी पहिली ओळ होती, 'मोजलेले औषध टाकीत ओता.' मी वाचली. मायनं उघड्या हातांनी हळदीचं पाणी कोरड्या टाकीत ओतलं आणि म्हणाली, "वतलं. फुडं?"

पुढं तिसऱ्या ओळीत होतं, 'औषध ओतण्यापूर्वी हातमोजे घाला व टाकी अर्धी पाण्याने भरा.' मायनं स्वतःच्या पिवळ्या बोटांकडं बघितलं.

"आता सांगायलीस व्हय? हात तर भरला की माझा."

मला हसू आलं नाही. इंग्रजी कागदात ओळी त्याच क्रमानं होत्या आणि टेबलाशी बसून वाचणाऱ्याला त्यात काही खटकलं नसतं. हातातल्या कागदावरच मी पेनानं तिसरी ओळ सगळ्यात वर नेली. मायकडून पुन्हा पहिल्यापासून करून घेतलं, दोनदा. दोन्ही वेळा तिचे हात कोरडे राहिले, तेव्हा कुठं मी लॅपटॉपपाशी परतले.

महिन्याभरानं गौरीशंकर सरांचा फोन आला. मॅडमच्या प्रयोगात कंपनीच्या आणखी काही अनुवादकांनी भाग घेतला होता आणि सरांना त्याची कुणकुण लागली होती.

"त्या मॅडम आम्हाला फाइली देत नाहीत. अनुवादकाची सही लागेल म्हणतात. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी आपापली फाइल सोमवारपर्यंत थेट मला पाठवा. अक्षरं न झाकता. कोण किती वेळ नुसतं बसून राहतं ते कळलं की कामाची वाटणी नीट करता येईल."

"आणि नाही पाठवली तर?"

"तर पुढचं काम द्यायला आम्हाला अवघड जाईल," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले.

असल्या मऊ आवाजाची मला लहानपणापासून चीड आहे. पण चिडून भागत नव्हतं. घरात कमावती मी एकटी, आणि कळंबमध्ये इंग्रजी कागदांवर घर चालवील असं दुसरं काम मला ठाऊक नव्हतं. भूमचा युवराज याच कंपनीचं काम करतो. त्यानं फाइल पाठवूनही टाकली होती. मला फोन करून म्हणाला, "ताई, देऊन टाक की. मी तर आता इचार करताना स्पेसबार दाबत बसतो. थांबलोय असं दिसतच न्हाय."

दोन दिवस मी त्या पुसायच्या बटणाकडं बघत राहिले. पुसलं असतं तर 'फाइलच उरली नाही' म्हणून सुटले असते. पण का पुसायचं? मी काय चोरी केली होती? पाच वर्षं माझीच बोली खोडत बसले, आता ती खोडल्याचा पुरावाही खोडू? मला संताप आला, आणि सरांपेक्षा जास्त माझाच आला.

सोमवारी सरांनी व्हिडिओ कॉल लावला. "फाइल आली नाही, चैताली मॅडम."

"येणार नाही, सर. पण त्यात सव्वीस मिनिटांचा एक थांबा आहे, तो का ते सांगते." आणि मी सगळं सांगितलं. पंप, हळद, मायची बोटं.

"हे तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आणि ओळींचा क्रम बदलला तुम्ही?"

"बदलला. का बदलला त्याची टीप पत्रकासोबत पाठवली होती. तुमच्याच माणसांनी ती मान्य केली आणि पत्रक तसंच छापलं."

"मजकूर आमचा आहे," सर म्हणाले. " त्यावर काम करतानाची फाइलही आमचीच."

"कागद तुमचा, सर. तो मी वेळेत दिला. लिहिताना मी कुठं थांबले आणि काय खोडलं, ते माझं आहे. ते मी तुम्हाला देणार नाही."

"नीट विचार करा."

"विचारच करत होते, सर. त्याचीच तर तुम्हाला अडचण झालीये."

कॉल तिकडून बंद झाला. दाराशी माय उभी होती.

"काम गेलं?"

"गेलं."

"जाऊ दे," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. मला मात्र पाच वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटत होतं.

त्याच दुपारी मी फाइल उघडली आणि झाकलेली अक्षरं उघडी केली. सगळी. 'औषीद', 'पान्यात', 'न्हाय', खोडलेलं एकेक. मॅडमच्या प्रयोगात प्रत्येक थांब्याशेजारी शेरा लिहायला जागा असते. सव्वीस मिनिटांशेजारी मी लिहिलं, 'काम थांबलेलं नव्हतं. या वेळात काम मालनबाई करत होत्या.' फाइल मॅडमना पाठवली आणि फोन लावून सांगितलं, की तुमच्या अभ्यासात नाव झाकू नका, माझंही आणि मायचंही.

"तुमची सही आहे, ताई," मॅडम म्हणाल्या. "पण आईंचं नाव येणार असेल तर त्यांचीही परवानगी लागेल. त्या नाही म्हणाल्या तर मी त्यांचं नाव घालणार नाही."

संमतीचा एक जादा छापील कागद त्यांनी पहिल्या भेटीतच ठेवला होता. मी तो मायपुढं धरला, पेन दिलं आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

मायनं पेन घेतलं आणि पदराशी धरून ठेवलं.

"आधी वाच."

"वाचते की. पहिली ओळ..."

"एकेक न्हाय. आख्खा कागद वाच, खालच्या टोकापस्तोर. मंग बघीन सही करायची का न्हाय ते."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. माय पेन न उचलता शेवटपर्यंत ऐकत राहिली.