करडईच्या तेलावर धावलेलं इंजिन

मित्रांनो, उदगीरजवळच्या एका गावात विहिरीचं पाणी उपसणारं जुनं डिझेल इंजिन म्हणजे मी. मला सरजाबाई चालवत. नवरा गेल्यावर त्यांनी हे काम हाती घेतलं होतं. हँडल मारताना त्या म्हणत, "चल रं, माणसं घागरी घेऊन बसलीत."

लातूर नवा जिल्हा झाला आणि काही वर्षांतच दुष्काळ पडला. विहिरीच्या तळाशी पाणी होतं, पण डिझेल मिळेना. तेव्हा तेलघाणीवाले रेवणप्पा करडईच्या तेलाचा डबा घेऊन आले.

"डिझेल न्हाई तर न्हाई, तेल तर हाय!"

मी हौसेनं प्यायलो. पण ते घट्ट तेल नीट जळेना. काळा धूर सुटला, सरजाबाई खोकून बेजार झाल्या. डिंकासारखा चिकटा बसून इंधन फवारणारं माझं नोझल तुंबलं आणि मी बंद पडलो. बायका दोरानं पाणी शेंदू लागल्या. त्यांचे सोललेले तळवे बघून मला फार वाईट वाटे.

रेवणप्पांची लेक शिवकन्या मुंबईला एका तेलशुद्धीकरण प्रयोगशाळेत नोकरीला होती. सुट्टीवर आली तेव्हा तिनं माझी गत पाहिली आणि जाताना करडईचं तेल सोबत नेलं. परतली ती पाण्यासारखं नितळ इंधन घेऊन. गावच्या मिस्त्रीनं मला साफ केलं, आणि शिवकन्या सरजाबाईंना सांगू लागली,

"मावशी, हे आपलंच करडईचं. खूप तापवून, दाबाखाली हायड्रोजन वायू दिला. तेलातला ऑक्सिजन पाणी होऊन बाहेर पडला."

सरजाबाई म्हणाल्या, "तेलातून पाणी निघालं? अन् ते तिकडंच ठिवून आलीस व्हय?"

कितीतरी दिवसांनी विहिरीवर सगळे हसले.

मग हँडल फिरलं. काय सांगू! छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. काळा धूर नाही, धाप नाही. सरजाबाई पदर नाकाला न लावता माझ्याजवळ उभ्या राहिल्या. घागरी भरत गेल्या.

पण ते इंधन प्रयोगापुरतंच होतं. "एवढं महाग सध्या कुणाला परवडायचं न्हाई," शिवकन्या खिन्नपणे म्हणाली. पुढं डिझेल आलं, नंतर विजेची मोटर आली, आणि मी पत्र्याच्या खोलीत गेलो. सरजाबाईही राहिल्या नाहीत.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, नवी इंधनं कराल. यंत्राशेजारी उभं राहणाऱ्या माणसाच्या छातीची तेवढी काळजी घ्या. आणि जमलंच, तर त्या नितळ तेलाचा एक डबा माझ्यासाठी आणा. मला अजून एकदा, न खोकता, पाणी उपसायचं आहे.