घाण्यामागची माती

मृणालीने पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढली आणि ओटीवर बेंजामिनकाकांपुढे ठेवली.

"काका, तुमच्या कपाटातली ही पुडी माझ्या नमुन्यांबरोबर आली. लेबल पडलं असेल समजून मी तपासूनसुद्धा टाकली."

सुपारी कातरता कातरता म्हातारा थांबला. आतली भाकरी थापण्याची थपथपही थांबली.

"ती जेरुसलेमची माती हाय गो. आमच्या जोशुआनं तिकडनं धाडलेली. मी गेलो की माझ्या डोळ्यांवर घालायला."

पंच्याण्णवचा जुलै होता. पेणच्या कॉलेजातून मृणाली दर आठवड्याला रोह्याजवळच्या या गावी येई आणि शेतातली, खाजणातली, या बेने इस्रायली ज्यू कुटुंबाच्या घरामागच्या बंद तेलघाण्याजवळची माती नेई. पाऊस पडला की मातीतले जिवाणू दोन दिवसांत भराभर वाढतात, मग ओसरतात. त्यांचा जमाखर्च ती मांडत होती. जिवाणूंच्या हिशेबात पक्की, माणसांच्या हिशेबात कच्ची. एकदा मांडायला लागली की बेरीज पुरी केल्याशिवाय थांबत नसे.

"जेरुसलेमची कशी असेल? परदेशातली, वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली कोरडी माती अशी नसते. हिच्यात याच पावसाळ्यातले जिवाणू आहेत, वर पेंडीचा अंश. थेट तुमच्या घाण्यामागची—"

तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. रेचलकाकू पिठाचे हात पदराला पुसत होत्या. पीठ केव्हाच निघालं होतं, पुसणं थांबत नव्हतं. नजर उंबऱ्यावरून उठत नव्हती.

मृणालीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. याच बाईने जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, कपाटाचा खालचा खण तिच्या पिशव्यांसाठी रिकामा करून दिला होता.

"नाही, म्हणजे... दोन पुड्या एकदम उघडल्या मी. नमुने मिसळले असणार. चूक माझीच."

"तुझी?" काका हसले. "चहाचा चमचासुद्धा दोनदा धुऊन घेणारी तू!"

मृणाली पायाच्या अंगठ्याने सारवण उकरू लागली.

काकांनी पुडी उघडली, नाकाशी नेली.

"पेंडीचा वास हाय खरा. आमच्या बाच्या अंगाला यायचा." मग न बघताच त्यांनी पुडी दाराच्या दिशेने धरली. "ही घे गो. वरच्या खणात ठेव आता. पोरीच्या पिशव्यांना जागा करताना परत सांडायला नको."