दोन ठिकाणची आग

कोर्टाच्या आवारात वकीलबाईंना सगळे 'बारीक अक्षर' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. विम्याच्या पॉलिसीत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, जे विकणारा वाचत नाही आणि घेणारा तर नाहीच नाही, ते वाचण्यात त्यांची उभी हयात गेली होती. निम्मी कारकीर्द त्यांनी विमा कंपन्यांची वकिली केली. मग केस पांढरे झाले, कंपनीत नवे साहेब आले आणि नव्या साहेबांना नवे वकील हवे झाले. बाईंनी कुरकुर केली नाही. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि कंपन्या ज्यांचे दावे नाकारतात अशा लोकांची कामं घ्यायला सुरुवात केली.

"इतकी वर्षं कुलपं लावली," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता जरा उघडून बघते."

नवरा निवृत्त भूगोल शिक्षक. त्याने एवढंच विचारलं, "आणि दुपारचा चहा कोण करणार?"

"तुम्ही."

"मग हरकत नाही."

त्या दोन खोल्यांत एके दिवशी एक बाई आली. दोघा भावांचा लाकडी सामानाचा कारखाना होता, त्यातल्या थोरल्याची ती बायको. कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून वकीलबाईही वहिनीच म्हणायला लागल्या. कारखाना जळाला होता. विमा होता, पण कंपनीने दावा नाकारला होता. कारण एका ओळीत दिलं होतं: आग मुद्दाम लावलेली आहे.

"त्यांचं म्हणणं काय?" बाईंनी विचारलं.

"आग एकाच वेळी दोन ठिकाणी लागली, म्हणतात. पुढच्या कोपऱ्यात आणि मागे, लाकडाच्या थप्पीला. मधली जमीन कोरी. आपोआप लागलेली आग अशी उडी मारत नाही, असं त्यांच्या सर्व्हेअरने लिहिलंय. दाराचं कुलूप शाबूत होतं."

"किल्ल्या कोणाकडे असतात?"

"एक ह्यांच्याकडे, एक भाऊजींकडे. तिसरी नाहीच." वहिनींनी पदर सारखा केला. "वकीलबाई, खरं सांगू? पैशांचं काय व्हायचं ते होईल. पण ते वाचल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ह्यांना वाटतं भाऊजींनी लावली. भाऊजींना वाटतं ह्यांनी लावली. उघड कोणी बोलत नाही. एका ताटात जेवून मोठे झालेले भाऊ, आता रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जातात. कोणी लावली नसेल, तर तेवढं तरी सिद्ध करून द्या."

"आणि कोणी लावली असेल तर?"

"तर तेही कळू दे. हे असं अधांतरी नको."

बाईंनी काम घेतलं.

जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खटल्याला हात घालायचा नाही, हा बाईंचा शिरस्ता. दुसऱ्याच दिवशी पायांत जुने बूट चढवून त्या वहिनींबरोबर कारखान्यात गेल्या. पत्र्याचं छप्पर वाकडंतिकडं झालं होतं. भिंती खालपासून वरपर्यंत काजळल्या होत्या. पुढच्या कोपऱ्यात एक लोखंडी पिंप होतं, उष्णतेने पोचे आलेलं.

"हे कशाचं?"

"कचऱ्याचं. भुसा, चिंध्या, काय काय."

"आग लागली त्या दिवशी काम काय चाललं होतं?"

"मोठं कपाट द्यायचं होतं. भाऊजी दिवसभर त्याला तेल पाजत होते. जवसाचं तेल. संध्याकाळी सगळं आवरून कुलूप लावलं."

बाईंचे कान टवकारले. फार पूर्वी कंपनीच्या बाजूने लढताना एका होड्यांच्या कारखान्याचा खटला त्या हरल्या होत्या, आणि हरलेला खटला माणूस विसरत नाही. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या नुसत्या वाळत नाहीत, वाळता वाळता तापतात. पसरून ठेवल्या तर ऊब उडून जाते. पण बोळे करून कोंबल्या तर आतली ऊब आतच वाढत जाते, आणि काडी न लावता त्या पेट घेतात. पुढच्या कोपऱ्याचं उत्तर पिंपात होतं. मागच्या थप्पीचं काय?

बाई मागे गेल्या आणि मान वर करून पाहू लागल्या. छपरात पत्र्यांच्या मधे एक लांबट भोक होतं, वर आकाश दिसत होतं.

"इथला पत्रा कुठे गेला?"

"तिथे पत्रा नव्हता. उजेडासाठी प्लॅस्टिकचं पारदर्शक छप्पर होतं."

बाईंनी छत्रीच्या टोकाने थप्पीखालची राख उकरली. राखेखाली काळे, चकचकीत, गोठलेले थेंब होते, मेणबत्तीच्या ओघळांसारखे. आग पुढे लागली, धग छताखालून मागे गेली, प्लॅस्टिक वितळलं आणि पेटते थेंब थप्पीवर पडले. मधली जमीन कोरी राहिली, कारण आग जमिनीवरून गेलीच नव्हती.

पण बाईंना पटून काय उपयोग, न्यायाधीशांना पटायला हवं. तज्ज्ञाकडे जाण्याआधी त्यांनी घराच्या अंगणात स्वतःच करून बघायचं ठरवलं. नवऱ्याचा एक जुना सुती शर्ट फाडला, तेलात भिजवला आणि डब्यात टाकला. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चिंध्या घेतल्या आणि चांगल्या ठासून भरल्या. नवरा पाण्याची बादली घेऊन खुर्चीवर पहाऱ्याला बसला.

"शेजारी विचारत होते काय चाललंय. म्हटलं, स्वयंपाक."

"हसताय काय, डब्याला हात लावून बघा."

त्याने हात लावला आणि झटकन काढून घेतला. डब्यातून धुराची बारीक रेघ वर आली, मग जाड झाली, मग वास सुटला. नवऱ्याने बादली ओतली.

"चांगला शर्ट होता," तो म्हणाला. "पण तुझ्या डोळ्यांत अशी चमक बऱ्याच दिवसांनी पाहिली."

मग प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाने तोच प्रयोग रीतसर केला आणि सहीशिक्क्यानिशी अहवाल दिला. खटला उभा राहिला. आता एकच प्रश्न उरला होता, आणि त्यानेच बाईंची झोप उडवली. बाईंनी थोरल्याला एकट्याला बोलावून घेतलं.

"त्या संध्याकाळी चिंध्या पिंपात कोणी टाकल्या?"

थोरला अंगाने आडवा, हाताने राकट, बोलायला मोजका. "मी. सगळीकडे पसरल्या होत्या. धाकटा दमला होता, म्हणून मीच गोळा केल्या. चांगल्या दाबून बसवल्या."

बाईंनी चिंध्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच जाळला."

"तुम्ही आवराआवर केलीत. पॉलिसीत लिहिलंय, मुद्दाम लावलेली आग चालत नाही. चुकून लागलेली चालते. विमा असतोच चुकांसाठी."

"मग हे बाहेर न काढता नाही जमणार? नाहीतर दावाच सोडून देऊ. धाकट्याने कारखान्यात जीव ओतला होता. त्याला कळलं तर तो आयुष्यात माझं तोंड बघणार नाही."

"आत्ता तरी कुठे बघतोय?" बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम केलंत असं त्याला वाटतंय. त्याहून वाईट काय कळणार आहे? आणि तुमच्या मनात त्याच्याबद्दल जे होतं, ते आज गेलं ना?"

थोरल्याने होकारार्थी मान हलवली. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "विचारा. सांगतो."

कंपनीतर्फे जो वकील उभा होता, तो कधीकाळी बाईंच्याच हाताखाली शिकलेला. सुनावणीआधी येऊन म्हणाला, "बाई, माझ्यावर जरा दया ठेवा."

"तू नीट तयारी केली असशील तर दयेची गरज नाही, आणि केली नसशील तर ती मिळणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्याच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली.

आधी सर्व्हेअरची उलटतपासणी झाली. माणूस सरळ होता. बाईंनी ते काळे थेंब समोर ठेवले, छपराचे जुने फोटो दाखवले, तज्ज्ञाचा अहवाल वाचायला दिला. त्याने सगळं शांतपणे वाचलं.

"मी गेलो तेव्हा तिथे कोसळलेल्या लाकडांचा ढीग होता. हे थेंब मला दिसले नाहीत. तुम्ही म्हणता तसं घडू शकतं. घडलं असावं, असंच आता वाटतं."

मग थोरला साक्षीला उभा राहिला. बाईंनी प्रश्न विचारला आणि नजर धाकट्यावर ठेवली. तो मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसला होता.

"चिंध्या मी टाकल्या," थोरला म्हणाला. "दाबून बसवल्या. त्याचं असं होतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या भावाचा यात काही संबंध नाही."

कोर्टाने जेवणाची सुट्टी दिली. बाहेर लांबलचक व्हरांडा होता, भिंतीला लागून बाकं. थोरला एकटाच जाऊन बसला. वहिनी त्याच्याकडे निघाल्या, तशी बाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा जरा."

धाकटा आतून आला. इकडे तिकडे बघत रेंगाळला. मग भावाच्या शेजारी जाऊन बसला, मधे एका माणसाची जागा सोडून.

"दादा."

थोरल्याने वर पाहिलं नाही.

"चिंध्या रोज मीच टाकतो. असाच कोंबतो. त्या दिवशी तू टाकल्यास, एवढाच फरक."

"तुझं सगळं काम गेलं रे."

"तुला वाटलं मी लावली?"

"वाटलं."

"मलाही तसंच वाटलं. तू लावलीस असं." धाकट्याने नाक पुसलं. "काय डोकं म्हणायचं आपलं."

थोरल्याने मधल्या रिकाम्या जागेवर हात ठेवला, आणि धाकटा तिथे सरकून बसला. वहिनींनी पदराने डोळे टिपले. बाई कठड्यापलीकडच्या गाड्या बघत राहिल्या, कारण अशिलांसमोर वकिलाने रडू नये असं त्या स्वतःच सगळ्यांना शिकवत आल्या होत्या.

निकाल यथावकाश लागला. दावा मंजूर झाला. कंपनीने अपील केलं नाही. जुन्या शिष्याने साहेबांना तसा सल्ला दिला, असं बाईंच्या कानावर आलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वहिनी पुन्हा जिना चढून वर आल्या. या वेळी हातात कागद नव्हते.

"काय म्हणतात भाऊ?" बाईंनी विचारलं.

"भांडतात."

बाईंनी चष्मा काढला. "पुन्हा?"

"कडाकडा भांडतात. नव्या कारखान्याचं दार कुठल्या बाजूला ठेवायचं यावरून. सकाळपासून घसा कोरडा पडेस्तोवर ओरडतायत, म्हणून तुमच्याकडे चहाला आले."

बाई हसल्या आणि वहिनींसाठी खुर्ची ओढली.