मांत्रिकाचं बंधन

खेळ माझा, नियम माझे, आणि सवलत द्यायला मी महाकंजूष. दर रविवारी दुपारी डिंडोलीत माझ्या खोलीवर मी, लखन आणि योगराज कागद, पेन्सिल, फासे घेऊन बसतो. ज्याने त्याने आपलं पात्र रचायचं. पात्राला शक्ती हवी तर गुण खर्चायचे. गुण कमी पडले तर पात्राच्या वागण्यावर एखादं बंधन घालून घ्यायचं, मग शक्ती स्वस्त मिळते. किती स्वस्त, ते मी ठरवतो. खेळात बोचत नाही त्या बंधनाला माझ्याकडे काडीची किंमत नाही. लखनला अदृश्य व्हायचं होतं आणि बंधन काय, तर कांदा-लसूण वर्ज्य! त्याला मी हसून उडवून लावलं.

त्या रविवारी योगराजने नवा मांत्रिक रचला. जगातला कुठलाही माणूस याला बसल्या जागी दिसणार. बंधन असं, की त्या माणसाला भेटायचं नाही, निरोपही धाडायचा नाही. योगराज दहा गुणांची सवलत मागत होता.

"दोन," मी म्हणालो. "सगळं दिसतंय ना घरबसल्या? मग भेटायचं नाही यात कसला आलाय त्रास?"

"दोनच? भो, तू बी ना..." म्हणत योगराजने मांत्रिकाचा कागद उलटा करून ठेवला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि माझीच मला लाज वाटली.

योगराजची बायको सोनाली माझी चुलतबहीण. दारू पिऊन त्याने तिच्यावर हात उचलला, तेव्हा समाजाच्या बैठकीत ठरलं: तीन वर्षं त्याने लेकीला, धनूला, भेटायचं नाही, कुणाकडे तिची चौकशीही करायची नाही. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण उठताना त्याच्या पाठीवर थाप मारून "तीन वर्षं काय, चुटकीसरशी जातील" असं म्हणणारा मीच होतो. त्याने दारू सोडली. दीड वर्ष दर रविवारी माझ्यासमोर बसला, धनूला रोज शाळेत मी सोडतो हे ठाऊक असून एकदाही तिचं नाव काढलं नाही.

"घे, दहा," मी म्हणालो. लखन भांडायला उठला, पण माझं तोंड बघून परत खाली बसला.

योगराजने फासा टाकला. हवा तो आकडा पडला. आता मांत्रिकाला काय दिसतं ते सांगणं माझं काम.

"एका पोरीला पाहतो," तो खाली बघत म्हणाला. "काय दिसतं?"

धनूची बातमी त्याला देणार नाही, असा शब्द मी सोनालीला दिला होता. तो मोडताना मला सगळं कळत होतं.

"दोन वेण्या घालते आता," मी म्हणालो. "उंच झालीय. पुढचा एक दात पडलाय."

योगराजने डोळे मिटून घेतले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

"वरना दात, का खालना?" त्याने विचारलं.

रोज सकाळी ती माझ्या गाडीवर बसून बडबडत असते. आणि वरचा की खालचा, ते मला काही केल्या आठवेना.