चार वर्षांपूर्वीची कावीळ

खोटं बोलायला अक्कल लागते म्हणतात. बाईकडे ती गरजेपेक्षा जास्त होती, तिथंच घोडं पेंड खात होतं.

नवरा बसचालक. सकाळी आगारातच त्याचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. आगाराच्या साहेबांनी त्याला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात आणलं आणि तिला फोन केला. ती पोचली तेव्हा स्कॅन काढणारी मुलगी दारातच फटाफट विचारत होती. त्रास कधी सुरू झाला? साखर आहे? आधी कधी असा झटका आला होता?

आला होता. चार वर्षांपूर्वी, परगावी. पण मेंदूचा झटका येऊन गेलेल्याच्या हातात बस कोण देईल? म्हणून आगारात कावीळ कळवली, आणि ती कावीळ दोघांनी अशी जपली की सख्ख्या सासूलाही पत्ता लागला नाही. आता साहेब तिच्या शेजारीच उभे होते.

"नाही," ती म्हणाली. "एकदा कावीळ झाली होती, तेवढंच."

साहेब खाली बघत राहिले. मुलीनं हातातल्या पडद्यावर 'नाही'वर बोट ठेवलं.

इथं स्कॅन आधी यंत्र वाचायचं. मेंदू किती शाबूत आहे याचा दहापैकी आकडा द्यायचं. सहा किंवा वर आला तर गुठळी काढायला आत घ्यायचे, नाहीतर राम राम. जुना झटका सांगितला तर यंत्र जुना डाग सोडून द्यायचं. नाही सांगितला तर तोही आजच्याच खात्यात. त्या बिचाऱ्याला कावीळ काय ठाऊक. आणि डॉक्टर? त्यांनी चित्र बघायचं कधीच सोडलं होतं, ते मोबाइलवर आकडा बघायचे.

"पाच," डॉक्टर म्हणाले. "गुठळी काढून आता उपयोग नाही. तासाभरात एवढं नुकसान होत नाही खरं तर. आधीचं काहीच नाही ना, ताई?"

साहेब तिथंच होते. ती पुन्हा नाही म्हणाली. नवऱ्याचा हात मेला होता, आणि ही शहाणी त्या हाताची नोकरी वाचवत होती.

मग दोघं बाकावर बसली. साहेब हलले की डॉक्टरांना गाठायचं, हे तिनं ठरवलं होतं. "तुम्ही निघा साहेब, कामं खोळंबली असतील."

"असा कसा जाईन, वहिनी? तुम्हीच जरा चहा घेऊन या."

"नको मला."

पाऊण तास असाच गेला. शेवटी साहेब फोन आल्याचं सांगून उठले. ती धावत सुटली आणि त्या मुलीचं कोपर धरून तिनं सगळं ओकून टाकलं. मुलीनं खूण बदलली. पाचाचा आठ झाला. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच, मधे एवढा वेळ गेला म्हणून डॉक्टरांनी नवीन स्कॅन काढायला लावला. तो आला तीन.

"मघाशी आठ होता," डॉक्टरांनी निकालपत्रक दाखवावं तसा मोबाइल तिच्यापुढे धरला. "आता तुम्ही बोलून काय फायदा? तुमचे मिस्टर आता बोलायचे नाहीत."

साहेब धापा टाकत आले. "डॉक्टर, तुम्हालाच शोधतोय. याला आधी एकदा झटका येऊन गेलाय." मग ती दिसली आणि त्यांचा चेहराच पडला. "माफ करा, वहिनी. कामावर परतला त्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्याला आगाराबाहेर गाडी काढूच दिली नाही. नुसत्या गाड्या धुवायचा तो. घरी कळू देऊ नका म्हणाला. तुम्ही कावीळ म्हणालात, मला वाटलं तुम्हाला माहीतच नाही. तुम्ही जरा बाजूला गेलात की सांगणार होतो."

तिला रडूही येईना. काचेपलीकडे नवरा तिच्याकडेच बघत होता, काहीतरी सांगायची धडपड करत होता. वाकड्या तोंडातून नुसती लाळ गळत होती.